एसओपी लिहायला बसण्याआधी सूत्र शोधा: पदव्युत्तर प्रवेशाच्या निबंधासाठी टप्प्याटप्प्याने

सप्टेंबर उजाडला की बडोद्यात एसओपीचे, म्हणजे परदेशी विद्यापीठांच्या अर्जासोबत जाणाऱ्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ या निबंधाचे मसुदे फिरू लागतात. दांडिया बाजारातल्या ओळखीच्यांचा भाचा, वाघोडिया रोडवरच्या मैत्रिणीची मुलगी, ‘जरा नजर टाका ना’ म्हणून फाइल पाठवणारे थांबत नाहीत. बहुतेकांचं इंग्रजी चांगलं असतं, आणि व्याकरण तर हल्ली संगणकच सुधारून देतो. अडचण वेगळीच असते. दोन पानं वाचून संपली तरी या मुलाला पुढे नेमकं काय शोधायचंय ते कळत नाही. प्रकल्प आहे, इंटर्नशिप आहे, एनएसएस आहे, गरब्यातलं बक्षीससुद्धा आहे. पण ही सगळी एकाच माणसाची कामं आहेत असं वाटत नाही.

चूक होते ती क्रमात. मुलं पहिला परिच्छेद आधी लिहितात, तो चमकावा म्हणून आठवडा घालवतात, आणि मग त्याला शोभेल अशी ‘थीम’ शोधू लागतात. पहिला परिच्छेद खरं तर जवळजवळ शेवटी लिहायचा असतो.

सूत्र कशाला म्हणायचं तेवढं आधी ठरवून टाकू. ‘मला पाण्याची आवड आहे’ हे सूत्र नाही. ‘चिकाटी’ हेही नाही, तो स्वभाव झाला. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांच्या हाताखाली केलेल्या कामांत जो एकच प्रश्न तुम्हाला परत परत अडवतो आणि जो अजून सुटलेला नाही, तो प्रश्न म्हणजे तुमचं सूत्र. निवड समितीतल्या प्राध्यापकाला निबंधातून दोन गोष्टी हव्या असतात: या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो का, आणि तो प्रश्न आमच्या विभागात सुटण्यासारखा आहे का. बाकी माहिती त्याला गुणपत्रिकेत आणि बायोडेटात मिळते.

## टप्पा १: प्रश्न वाचा, कॅलेंडर आखा

ज्या ज्या विद्यापीठाला अर्ज करायचा आहे त्याने निबंधासाठी दिलेला प्रश्न शब्दन् शब्द एका तक्त्यात उतरवा. शेजारी शब्दमर्यादा आणि शेवटची तारीख. कंटाळवाणं काम आहे म्हणून मुलं टाळतात आणि इथेच फसतात. ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणजे तुम्ही काय केलंत आणि पुढे काय करणार. ‘पर्सनल स्टेटमेंट’मध्ये तुम्ही कोणत्या परिस्थितीतून आलात हे विचारलेलं असू शकतं. बर्कलीसारख्या ठिकाणी हे दोन निबंध वेगवेगळे मागतात, आणि तेव्हा एकाचा मजकूर दुसऱ्यात ओतला तर दोन्ही वाया जातात. जर्मनीतली विद्यापीठं बहुधा एक-दोन पानांचं मोटिव्हेशन लेटर मागतात. तिथे हाच अभ्यासक्रम का, हे जास्त थेट सांगावं लागतं. सूत्र सगळीकडे एकच राहतं, मांडणी बदलते.

आता कॅलेंडर. अमेरिकेतल्या पीएचडीच्या बऱ्याच तारखा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतात, एमएसच्या डिसेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे त्याआधी काय येतं? नवरात्र आणि दिवाळी. नवरात्रात बडोद्यातला कुठलाही तरुण संध्याकाळनंतर टेबलाशी सापडत नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही. दिवाळीच्या सुट्टीत प्राध्यापक गावाला गेलेले असतात. म्हणून टप्पा २ आणि ३ घटस्थापनेच्या आधी उरका. सूत्राचं वाक्य दिवाळीच्या आधी पक्कं करा. मसुदा नोव्हेंबरात. जर्मनीला जाणार असाल तर एपीएस प्रमाणपत्राला (आपल्या पदवीच्या कागदांची पडताळणी) लागणारा वेळ वेगळा धरा, ते काम निबंधासोबत होत नाही.

तपासा: तक्ता भरला का? एकही रकाना ‘नंतर बघू’ म्हणून रिकामा राहिला असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: सामग्री गोळा करा, आठवणीतून नव्हे, कागदांतून

बसून ‘माझी गोष्ट काय आहे’ असा विचार करायला लागलात की डोक्यात येते ती दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट. लहानपणी खेळणी उघडून पाहायचो, आजोबांचा रेडिओ दुरुस्त केला, अमुक शास्त्रज्ञाचं भाषण ऐकून भारावलो. त्यामुळे आठवणीवर विसंबू नका. प्रकल्पाचा अहवाल, जर्नलं, इंटर्नशिपची डायरी, गाइडला पाठवलेले ईमेल, फोनमधले त्या काळातले फोटो, संगणकावर अर्धवट पडलेल्या फायली, हे सगळं काढा. अर्धवट फायली तर आधी उघडा. माणूस कुणी सांगितलेलं नसताना जे सुरू करतो त्यात त्याचा प्रश्न लपलेला असतो.

मग एका वहीत वीस-पंचवीस कामांची नोंद करा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी:

१. मी हाताने नेमकं काय केलं?
२. कुठे अडलं?
३. कुणी सांगितलं नसताना मी काय जास्तीचं केलं?
४. काय सुटायचं राहिलं?

ही वही इंग्रजीत लिहू नका. घरी ज्या मराठीत बोलता, मध्ये गुजराती शब्द येणाऱ्या आपल्या बडोद्याच्या मराठीत, त्यातच लिहा. इंग्रजीत लिहायला घेतलं की गुळगुळीत तयार वाक्यं हाताशी येतात आणि ‘सरांनी मला झापलं’ या जागी ‘मला मौल्यवान मार्गदर्शन लाभलं’ असं काहीतरी उमटतं. झापलं हेच हवं आहे. का झापलं त्यात माल असतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तिथे पाच-सहा नोंदी तरी मिळायला हव्यात. सांगितलेलं काम सगळेच करतात, म्हणून त्यावरून एका विद्यार्थ्यापासून दुसरा ओळखू येत नाही.

सावध: या टप्प्यावर निवड करू नका. ‘हे काय सांगायचं’ असं वाटलेली नोंदसुद्धा वहीत गेली पाहिजे. निवडीचा टप्पा पुढे आहे.

## टप्पा ३: परत परत येणारा प्रश्न ओळखा

इथे एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, टेक्नोमधून, म्हणजे एम. एस. विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतून, सिव्हिल केलेली एक मुलगी आहे. तिचं पहिलं म्हणणं: ‘माझी थीम पूर. विश्वामित्रीच्या काठावर वाढले ना मी.’ विषय चांगला आहे, पण त्या वर्षी बडोद्यातून सिव्हिलचा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचा तोच असणार. २०२४च्या ऑगस्टमध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली, अकोट्यापासून समापर्यंत घरांत पाणी शिरलं, कोण विसरेल? पण पूर ही झाली सगळ्यांवर आलेली घटना. ती स्वतः त्यात काय करत होती, ते वहीत पाहू.

पहिली नोंद, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. भूखी कांस या नाल्याच्या एका तुकड्याचं हेक-रास या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं. कुठे अडलं? नदीची पातळी काळा घोडा पुलापाशी मोजली जाते, २६ फूट ही धोक्याची खूण सगळ्या शहराला पाठ आहे. पण कांसमधून किती पाणी वाहिलं याची मोजणी तिच्या हाताशी नव्हती. मग मॅनिंगचा सहगुणक, म्हणजे नाल्याचा खडबडीतपणा पाण्याला किती अडवतो तो आकडा, पुस्तकातून उचलावा लागला. काँक्रीटच्या नाल्याला साधारण ०.०१५ धरतात, झाडोरा आणि कचरा माजलेल्या नाल्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट. यातला कुठला आकडा धरला त्यावर पाण्याची उंची बदलते, आणि निवडायला आधार काहीच नाही.

दुसरी नोंद, इंटर्नशिप. ड्रॉइंगवरची नाल्याची तळपातळी आणि तिने ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) घेतलेली पातळी जुळेना. साहेब म्हणाले, ‘ड्रॉइंगचीच टाक, वेळ नाहीये.’ तिने टाकली. पण डायरीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले. हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी, दुसऱ्या वर्षाची हायड्रॉलिक्सची लॅब. व्ही-नॉचचा, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेतून वाहणारं पाणी मोजण्याचा प्रयोग. सगळ्या बॅचने सीनियरच्या जर्नलवरून ०.६ च्या आसपासचा सहगुणक उतरवला. हिने बादली आणि घड्याळ घेऊन परत मोजलं, आकडा कमी आला, तोच लिहिला, आणि जर्नलवर ‘रिपीट’ असा लाल शेरा घेऊन घरी आली.

चौथी, पुरानंतरची. पाणी ओसरलं तेव्हा भिंतींवर गाळाचा पट्टा उरला होता. साफसफाईत तो जाण्याआधी ती मेजरिंग टेप घेऊन सोसायटीत फिरली. ‘काकू, पाणी कुठवर आलं होतं?’ ‘अगं, दुसरी पायरी बुडाली, तिसरीवर कुकर ठेवला होता तो तसाच कोरडा राहिला.’ तिने पायऱ्यांची उंची मोजली, खडूने खुणा केल्या, फोटो काढले. महिन्यानंतर तिच्या लक्षात आलं की तिच्या मॉडेलने त्या सोसायटीला कोरडं दाखवलं होतं.

आता या चार नोंदींत समान काय? पूर तर लॅबमध्ये नव्हताच. समान आहे ते कागदावरचा आकडा आणि जमिनीवरचा आकडा यांतलं अंतर, आणि ते दिसलं की हिला चैन न पडणं. तिचा प्रश्न असा निघतो: जिथे मोजणीची यंत्रं नाहीत तिथल्या पुराच्या गणितावर विश्वास कसा ठेवायचा? काकूंची दुसरी पायरी हा मोजमापाचा आकडा म्हणून वापरता येईल का, आणि त्यातली चूक किती धरायची? पुराच्या खुणांवरून मॉडेल जुळवणं ही जलशास्त्रातली मान्य पद्धत आहे, म्हणजे प्रश्न हवेतला नाही. आणि लोकांच्या सांगण्यातली अनिश्चितता कशी मोजायची यावर काम बाकी आहे, म्हणजे प्रश्न संपलेलाही नाही. सूत्र असं दोन्ही बाजूंनी टिकलं पाहिजे.

तुमच्या वहीवर हे करायची रीत: तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरं तेवढी वेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा. चिठ्ठीवर विषयाचं नाव, कॉलेज, कंपनी काही लिहू नका, फक्त काय केलं आणि काय राहिलं. मग जमिनीवर मांडून ढीग करा. ज्या ढिगात तीन वेगळ्या ठिकाणच्या चिठ्ठ्या येतील तो तुमचा. विषयाची नावं काढल्याशिवाय हे होत नाही. ‘लॅब’ आणि ‘पूर’ असं लिहिलेलं असतं तर व्ही-नॉचची चिठ्ठी आणि खडूच्या खुणांची चिठ्ठी कधीच एका ढिगात आल्या नसत्या.

नोकरी करून अर्ज करणाऱ्यांचं काम इथे सोपं असतं, पण त्यांना ते कळत नाही. मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात काही वर्षं काढलेला इलेक्ट्रिकल इंजिनीअर लिहितो की त्याने टीम सांभाळली, वेळेत माल पाठवला. खोदून विचारलं की सांगतो, तेलातल्या वायूंच्या तपासणीचे अहवाल यायचे. हायड्रोजन, ॲसिटिलीन, इथिलीन किती आहे त्यावरून आत काय बिघडतंय याचा अंदाज बांधायचा. दोन वेगवेगळ्या पद्धती लावल्या की कधी कधी एकाच तेलाचं निदान वेगळं यायचं, आणि युनिट बाहेर काढायचं की चालू ठेवायचं हे कुणाच्या तरी अनुभवावर ठरायचं. मग तो घरी जाऊन जुन्या अहवालांची एक्सेल करत बसायचा. ती एक्सेल त्याच्या निबंधात कुठेच नव्हती! अशा निबंधात टीम सांभाळल्याला एक वाक्य पुरे. जागा एक्सेलला द्यायची.

फाइन आर्ट्स, संग्रहालयशास्त्र, समाजकार्य, इथेही हीच रीत. फक्त ‘अडलं’ या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत नसेल. वस्तूवरची पाटी कुणासाठी लिहिली आहे, गुजराती वाचणाऱ्याला ती का कळत नाही, आपण ती परत लिहिली तेव्हा क्युरेटरने काय खोडलं, असं असेल.

सावध: ढीग होत नसेल तर मोठा शब्द वापरून सगळं एकत्र बांधू नका. ‘शाश्वत विकास’, ‘आंतरविद्याशाखीय दृष्टी’, ‘समाजासाठी तंत्रज्ञान’ यांच्याखाली काहीही बसतं. ढीग झाला नाही तर नोंदी कमी पडल्या आहेत. टप्पा २ वर परत जा.

आणखी एक, खास आपल्या गावासाठी: महाराजा सयाजीरावांपासून सुरुवात करू नका. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले, हे खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण तो मोठेपणा त्यांचा. वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही, आणि निबंधाचे शंभर शब्द जातात.

## टप्पा ४: सूत्र एका वाक्यात लिहा

वाक्याचे तीन भाग: मी काय करताना, कोणता प्रश्न परत परत समोर आला, आणि तो सोडवायला मला काय शिकायचं आहे. वाक्य सुंदर नको, अचूक हवं. हे वाक्य निबंधात जसंच्या तसं येईलच असं नाही. तो तुमचा गज आहे, मसुद्यातला प्रत्येक परिच्छेद त्याने मोजायचा.

वरच्या मुलीचं वाक्य कसं घडत गेलं ते पाहा. (निबंधात ते इंग्रजीतच जाईल, इथे मराठीत देते.)

पहिलं: ‘बडोद्याच्या पुरांनी मला जलसंपदा अभियांत्रिकीकडे ओढलं आणि मला समाजासाठी काही करायचं आहे.’ हे कुणाचंही असू शकतं.

दुसरं: ‘शहरी पुराच्या मॉडेलमध्ये अचूक माहितीचा अभाव ही मोठी समस्या आहे.’ बरोबर आहे, पण यात ती स्वतः नाही. हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य.

तिसरं: ‘लॅबमधला प्रवाह, साइटवर नाल्याची पातळी आणि पुरानंतर भिंतींवरच्या खुणा स्वतः मोजताना मला दर वेळी कागदावरच्या आकड्याहून वेगळा आकडा मिळाला, मोजणी नसलेल्या नाल्यांसाठी लोकांनी सांगितलेल्या पूरखुणा मॉडेल जुळवायला किती भरवशाच्या आहेत हे मला शोधायचं आहे, आणि त्यासाठी अनिश्चिततेचं गणित शिकायचं आहे.’

लांब आहे, चालेल. यात तिच्याशिवाय दुसरं कुणी बसत नाही, आणि ‘अनिश्चिततेचं गणित’ या शब्दांनी पुढच्या अभ्यासक्रमाचं दार उघडलं.

तपासा: तिसरा भाग कोरा राहतोय का? काय शिकायचं ते सांगता येत नसेल तर प्रश्न पुरेसा खोल गेलेला नाही. प्राध्यापक विचारेल, मग आमच्याकडे कशाला येतोस, आहे तिथेच कर की!

## टप्पा ५: वाक्याला झोडपून काढा

मसुदा लिहिण्याआधी या चाचण्या घ्या. नंतर घेतल्या तर लिहिलेल्या परिच्छेदांचा मोह सुटत नाही.

नाव बदला. तुमच्या बाकावरच्या मित्राचं नाव वाक्यापुढे लावा. वाक्य खरंच राहिलं तर ते तुमचं नाही.

नोंद काढा. सूत्राला आधार देणाऱ्या कामांतलं सगळ्यात मोठं काम, बहुधा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, काढून टाका. बाकीच्या नोंदींवर सूत्र उभं राहतं का? नाही राहिलं तर ते प्रकल्पाचं शीर्षक होतं, सूत्र नव्हे. ही चूक फार होते, कारण प्रकल्प तयार असतो, त्याचं नाव भारदस्त असतं. आणि कित्येकदा तो विषय गाइडने दिलेला असतो.

घरी सांगा. आईला किंवा आजोबांना मराठीत, एका दमात. त्यांनी ‘मग पुढे?’ विचारलं तर बरं. ‘छान छान’ म्हणून चहा ठेवायला उठले तर वाक्यात धूर जास्त आहे.

उलट तपासणी. त्या विषयातल्या एका माणसाला, तुमचे सर किंवा सीनियर, वाक्य दाखवून एवढंच विचारा की ‘हे आधी कुणी सोडवलंय का?’ दहा वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न घेऊन गेलात तर सगळी मेहनत फुकट. सर आधीच्या कामांची दोन नावं सांगतील ती वाचा, तुमच्या प्रश्नाला धार येईल.

## टप्पा ६: विभागाशी जोडणी

मुलं इथे दोन टोकांना जातात. एक तर प्रत्येक विद्यापीठासाठी सूत्रच बदलतात, किंवा मग सगळीकडे तोच निबंध पाठवून फक्त विद्यापीठाचं नाव बदलतात. (आणि कधी तेही विसरतात.) वाक्याचे पहिले दोन भाग कायम ठेवा, तिसरा बदला. तोच प्रश्न घेऊन ही मुलगी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आयएचई संस्थेत गेली तर हायड्रोइन्फॉर्मॅटिक्सच्या (पाण्याच्या प्रश्नांसाठी संगणक आणि माहितीचा वापर) अंगाने जाईल. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या आयआयएचआर या जलसंशोधन संस्थेत गेली तर नद्या-नाल्यांच्या मोजणीच्या आणि मॉडेलच्या अंगाने. प्रश्न एकच, हत्यार वेगळं.

प्राध्यापकांची नावं घालायची असतील तर दोन, फार तर तीन. प्रत्येकाचा गेल्या तीन-चार वर्षांतला एक शोधनिबंध खरोखर वाचा आणि तुमच्या प्रश्नाचा कुठला भाग त्याला लागतो ते एका वाक्यात लिहा. ‘यांचं काम प्रेरणादायी आहे’ हे वाक्य खोडाच.

सावध: नाव घालण्याआधी त्या प्राध्यापकाचं पान उघडून पाहा. निवृत्त झालेत का, दुसरीकडे गेलेत का, या वर्षी विद्यार्थी घेत नाहीत असं लिहिलंय का? विभागाच्या यादीत जुनी नावं तशीच पडून असतात.

## टप्पा ७: आता लिहा, पण मधूनच सुरुवात करा

सूत्राला सगळ्यात चांगला आधार देणारी नोंद आधी लिहा, एक परिच्छेद. त्यात काय केलं, कुठे अडलं, तुम्ही काय ठरवलं, काय राहिलं. मग दुसरी नोंद. मग विभागाचा परिच्छेद. पहिला परिच्छेद सर्वांत शेवटी, आणि त्यात प्रश्न चौथ्या ओळीच्या आत दिसला पाहिजे.

हजार शब्दांच्या निबंधात दोन नोंदी नीट आणि तिसरी ओझरती, यापेक्षा जास्त मावत नाही. पाचशेत एकच. उरलेल्या नोंदी बायोडेटात असतातच. सूत्रात न बसणारं काहीही, कितीही आवडतं असलं तरी, बाहेर. भरतनाट्यम विशारद, गणेश मंडळाचा हिशेब, क्रिकेटची जिल्हा पातळी. पर्सनल स्टेटमेंट वेगळं मागितलं असेल तर तिथे जागा मिळू शकते.

परिच्छेद कसा बदलतो त्याचा नमुना. आधीचा:

‘माझ्या इंटर्नशिपमध्ये मला क्षेत्रीय सर्वेक्षणाचा मौल्यवान अनुभव मिळाला, ज्यामुळे माझी तांत्रिक कौशल्यं आणि टीमवर्क सुधारलं.’

नंतरचा:

‘इंटर्नशिपमध्ये मी नाल्याच्या तळाची पातळी घेतली ती ड्रॉइंगवरच्या पातळीशी जुळली नाही. अहवालात ड्रॉइंगचा आकडा गेला. मी दोन्ही लिहून ठेवले, आणि पुढे माझ्या मॉडेलमध्ये दोन्ही घालून पाहिले तेव्हा पाणी कुठल्या बाजूला चढतं हेच बदललं.’

दुसऱ्यात ‘कौशल्य’ शब्द नाही, तरी तिला सर्वेक्षण येतं हे कळलं. साहेबांना नावं ठेवलेली नाहीत हेही पाहा. जुन्या वरिष्ठांबद्दल, कॉलेजबद्दल तक्रारीचा सूर निबंधात येऊ देऊ नका. घटना सांगा, शेरा नको.

कमी गुणांचं काय? एखादा विषय राहिला असेल, एखादं सेमिस्टर घसरलं असेल तर दोन वाक्यांत कारण आणि नंतर काय सुधारलं ते सांगा, जमल्यास अर्जातल्या वेगळ्या रकान्यात. त्याला सूत्र करू नका. घरातलं आजारपण, कोरोनातलं दुःख, यांचंही तसंच. त्यातून तुमच्या कामाला वळण लागलं असेल तरच निबंधात आणा, नाहीतर वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो.

तयार एसओपीबद्दल: अलकापुरी, फतेगंजच्या बाजूला कन्सल्टंटची दुकानं गल्लोगल्ली आहेत. तक्ता, तारखा, व्हिसाचे कागद यासाठी त्यांची मदत खुशाल घ्या. पण त्यांच्याकडचा ‘मागच्या वर्षी चाललेला’ नमुना भरून देऊ नका. काही विद्यापीठं निबंध साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात, आणि तोच नमुना तुमच्या आधी कितीजणांनी भरला ते तुम्हाला ठाऊक नसतं. एआयकडून लिहून घ्यायचा विचार असेल तर आधी त्या विद्यापीठाचा नियम वाचा. भाषा तपासून घेणं आणि सूत्र त्याच्याकडून मागणं यांत फरक आहे. तुमची वही त्याने पाहिलेली नाही, म्हणून ते लहानपणच्या रेडिओवरच जाऊन थांबतं.

## टप्पा ८: शिफारसपत्रं, आणि मग सबमिट

हा टप्पा छोटा, पण विसरला जातो. सूत्राचं वाक्य आणि संबंधित नोंद शिफारस देणाऱ्या सरांना द्या, दिवाळीच्या सुट्टीआधी. ‘सर, मी या प्रश्नावर लिहितोय, तुमच्या लॅबमध्ये मी हे केलं होतं, आठवत असेल तर त्याचा उल्लेख करा’ एवढंच. पत्र आपण स्वतः लिहून सही मागण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. टाळा. निबंधाची भाषा आणि तिन्ही पत्रांची भाषा एकच आली की ते वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. सर फारच गडबडीत असतील तर त्यांना मुद्द्यांची चिठ्ठी द्या, वाक्यं त्यांची असू द्या.

छापील प्रत काढून प्रत्येक परिच्छेदासमोर समासात लिहा: हा परिच्छेद सूत्राचा कुठला भाग पुढे नेतो? ज्याच्यासमोर काही लिहिता आलं नाही तो कापा, मग तो कितीही छान उतरला असो. विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, प्राध्यापकांच्या नावांचं स्पेलिंग दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आपल्या डोळ्यांना आपली चूक दिसत नाही.

शेवटच्या तारखेची वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते पाहा. अमेरिकेच्या पूर्वेकडची हिवाळी वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. १५ डिसेंबरची रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची सकाळ, १०:२९. ही जास्तीची रात्र मसुदा बदलण्यासाठी वापरू नका. आदल्या दिवशी दुपारीच पाठवा, आणि पाठवलेली पीडीएफ पोर्टलवरून परत उतरवून एकदा उघडून बघा.